प्रोजेक्टरातला सेन्सर: शेड धरून ठेवतो, किंमत उजेडात वसूल करतो

हा प्रोजेक्टर कुणी घ्यावा हे ठरवायला एक प्रश्न पुरेसा आहे. पडद्यावरचा राखाडी तासाभरात किंचित हिरव्याकडे सरकला, तर तुम्हाला खटकतं का? खटकत नसेल तर एवढ्याच उजेडाचा, सेन्सर नसलेला कुठलाही बरा एलईडी प्रोजेक्टर घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगला पडदा घ्या. पडद्याने जास्त फरक पडेल.

मला खटकतं. कापडाच्या डाइंग लॅबमध्ये शेड मॅचिंग करण्यात माझी सगळी नोकरी गेली. स्टँडर्ड, म्हणजे ठरलेला नमुना, त्याच्या शेजारी रंगवलेली बॅच ठेवायची, लाइट बॉक्समध्ये (ठरलेल्या उजेडाच्या पेटीत) बघायची आणि सांगायचं: टोन हिरवा आहे, लाल वाढवा. आता नोकरी नाही, पण नव्याने लॅबमध्ये लागलेल्या मुलामुलींचे वर्ग अधूनमधून घेते. शेडमधला बारीक फरक कसा बघायचा हे शिकवताना पडद्यावरची शेडच सरकायला लागली तर शिकवणार काय? म्हणून हे यंत्र घेतलं. उरलेल्या वेळात त्यावर सिनेमे बघते आणि भाचा गेम खेळतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. शिवाय मला बोलायचंय ते आतल्या सेन्सरबद्दल, आणि तशी सोय आता बऱ्याच डब्यांत यायला लागली आहे.

यंत्र एका चिपचं डीएलपी आहे. दिवा नाही, फिरणारं रंगचक्र नाही. लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी आळीपाळीने पेटतात आणि चिमुकल्या आरशांची चिप प्रत्येक रंगाचं चित्र वेगळं फेकते. ही आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली बनवली. तत्त्व अजून तेच आहे. मेनूत बराच आत गेल्यावर रंगसुधारणेचा एक स्विच सापडतो. त्याला तीन पायऱ्या: बंद, चालू आणि स्मार्ट. ‘चालू’ ही पायरी या यंत्राची खरी कमाई आहे. ‘स्मार्ट’बद्दल माझं मत चांगलं नाही, ते पुढे येईलच.

माहितीपत्रकात ‘सेन्सरच्या मदतीने क्षणोक्षणी रंगसुधारणा’ असं एकच वाक्य आहे आणि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. यंत्राच्या पोटात, एलईडींच्या उजेडाकडे बघणारा एक सेन्सर आहे. पुढच्या बाजूला कॅमेरा आहे, तो चित्राची चौकट सरळ करतो, फोकस करतो आणि भिंतीचा रंगही अजमावतो. तिसरा, खोलीतला उजेड मोजणारा. तिघांचं काम वेगळं, तिघांची लायकीही वेगळी. दुकानात विचारलं तर या तिन्हींचं मिळून एकच उत्तर मिळतं. तेव्हा घेण्याआधी नेमका प्रश्न विचारा: आतल्या एलईडींचा उजेड मोजणारा सेन्सर आहे का, आणि तो बंद-चालू करता येतो का?

चाचणी मी लॅबच्या पद्धतीने केली. आठवणीतल्या शेडवर निकाल द्यायचा नाही, हा तिथला पहिला नियम. स्टँडर्ड आणि बॅच एकाच वेळी नजरेसमोर हवेत. पडद्याच्या शेजारी माझा जुना लाइट बॉक्स ठेवला, त्यात डी६५ची ट्यूब. डी६५ म्हणजे साधारण ६५०० केल्विनचा दिवसाचा उजेड, टीव्ही आणि व्हिडिओचा पांढराही त्यावरच बांधलेला असतो. बॉक्समध्ये सुती कापडाचा तुकडा टांगला, ऑप्टिकल ब्राइटनर न मारलेला. हे महत्त्वाचं आहे. ब्राइटनर असलेलं कापड अतिनील किरणं शोषून निळा उजेड परत देतं आणि तुमचं स्टँडर्डच खोटं ठरतं. बॉक्सचं तोंड असं फिरवलं की त्याचा उजेड पडद्यावर पडणार नाही. मग पडद्यावर साधा सपाट राखाडी लावला आणि सुधारणा बंद ठेवून यंत्र थंड असताना चालू केलं.

सुरुवातीला दोन्ही बाजू छान जुळल्या. यंत्र तापत गेलं तसा पडद्यावरचा राखाडी आधी किंचित निळसर वाटायला लागला, मग स्पष्ट हिरवट-निळसर. पडद्यावरचा उजेड मोजणारं कलरीमीटर लावलं तर सुरुवातीला ६५०० केल्विनच्या आसपास असलेला पांढरा ७०००च्या दिशेने चाललेला; हा आकडा जितका जास्त, तितका पांढरा निळसर. आणि गंमत अशी, की उजेडाचा आकडा मात्र जवळजवळ तिथेच.

यामागे एक साधा हिशेब आहे, तो कळला की या यंत्राचं सगळं वागणं कळतं. एचडी टीव्हीच्या रंगमानकात पांढऱ्यातल्या उजेडाचा सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा. आता समजा लाल एलईडी तापून १० टक्क्यांनी मंदावला आणि बाकी दोन तसेच राहिले. एकूण उजेड घटला फक्त २ टक्क्यांनी. ते कुणाला दिसणारही नाही. पण पांढरा मात्र ६५०० केल्विनवरून ६९००च्या आसपास गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतला फरक सांगणारा आकडा, १९७६च्या सूत्राने जवळपास ४, आणि सरकला तो हिरव्याकडे, किंचित निळ्याकडे. आमच्याकडे साधारण १च्या आत असेल तर बॅच पास व्हायची. ४ म्हणजे वाद न घालता परत.

म्हणजे ज्यांनी नुसतं लक्समीटर लावून ‘उजेड स्थिर आहे’ असं लिहिलंय, त्यांनी रंगाबद्दल काहीच मोजलेलं नाही.

लालच का घसरतो? खरं तर डोळ्यांना दिसणाऱ्या एलईडींमध्ये लाल सगळ्यांत जुना. निक होलोन्याक यांनी तो १९६२ साली दाखवला. चकचकीत निळ्याला तिथून आणखी तीस वर्षं लागली आणि त्या निळ्यासाठी २०१४चं नोबेल मिळालं. पण वडीलकीचा इथे उपयोग नाही. आजचे निळे-हिरवे एलईडी इंडियम गॅलियम नायट्राइडचे असतात आणि ते ताप बऱ्यापैकी सोसतात. लाल असतो ॲल्युमिनियम इंडियम गॅलियम फॉस्फाइडचा. तो तापला की त्याचा उजेड बाकी दोघांच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. वर त्याची तरंगलांबीही लांब बाजूला सरकते, आणि त्या बाजूला माणसाचा डोळा आधीच मंद. म्हणजे दोन्हीकडून तोटा. हिरव्याची तऱ्हा निराळी: त्याच्यातून जास्त प्रवाह सोडला की तो निळ्याकडे झुकतो. शुद्ध हिरवा एलईडी तसाही कमी कार्यक्षम, त्यामुळे बऱ्याच प्रोजेक्टरांत निळ्या एलईडीने फॉस्फर (एका रंगाचा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा पदार्थ) उजळवून हिरवा काढतात. मग त्या फॉस्फरचं स्वतःचं तापमान आलं, त्याचं वय आलं. थोडक्यात, तीन रंगांची तीन घड्याळं, आणि तिन्ही वेगवेगळ्या चालीने मागे पडणारी.

सेन्सर यावर करतो काय? तीन एलईडी आळीपाळीने पेटतात हे त्याच्या पथ्यावर पडतं. सेकंदाला शेकडो वेळा लाल-हिरवा-निळा असं चक्र फिरत असतं. कुठल्या क्षणी कुठला रंग पेटलाय हे नियंत्रकाला ठाऊकच असतं, त्यामुळे उजेडाच्या वाटेवर सांडलेल्या चिमूटभर उजेडावर लक्ष ठेवून प्रत्येक रंगाचं वेगळं माप निघतं. प्रेक्षकाला काही कळत नाही, पडद्यावर चाचणीची पट्टी टाकावी लागत नाही, सिनेमा चालूच राहतो. स्वस्तातल्या योजनेत फक्त प्रत्येक रंगाची तीव्रता मोजतात. त्यात तरंगलांबी सरकलेली कळत नाही. चांगल्या योजनेत सेन्सरवर डोळ्याच्या प्रतिसादाशी मिळतेजुळते तीन फिल्टर असतात, आणि मग नुसता मंदावलेला लाल आणि सरकलेला लाल यांतला फरक कळतो. माझ्या यंत्राच्या सर्व्हिस माहितीच्या पानावर प्रत्येक एलईडीसाठी तीन-तीन आकडे दिसतात, त्यावरून हा दुसऱ्या जातीचा आहे.

फिल्टरांवरून एक सांगते, रंगारी माणसाला राहवत नाही. फिल्टर रंगद्रव्याचे असतील तर उजेडाने आणि तापाने तेही उतरतात, कापड उतरतं तसेच. पातळ थरांच्या व्यतिकरणावर चालणारे फिल्टर यात फार टिकाऊ. मोजणाऱ्याचीच फूटपट्टी आखडली तर मग कुणाकडे बघायचं? विकत घेताना हे कुणी सांगत नाही. विचारून पाहा, निदान समोरच्याला माहीत आहे की नाही एवढं तरी कळेल.

आता स्विच ‘चालू’वर. यंत्र पुन्हा थंड होऊ दिलं, तोच राखाडी, तेच कापड. या वेळी राखाडी जागेवर राहिला. सुरुवातीच्या काही मिनिटांत पंख्याचा वेग बदलताना हलकीशी हालचाल दिसली, ती लगेच सावरली. त्यानंतर सबंध सिनेमाभर लाइट बॉक्समधलं कापड आणि पडदा यांच्यात बोट ठेवण्याजोगा फरक मला सापडला नाही, आणि मी शोधायला बसले होते. रंग स्थिर ठेवण्याच्या बाबतीत या यंत्राला मी पूर्ण गुण देते.

पण आता उजेड कमी झाला होता. चांगला जाणवेल इतका. मघाचाच हिशेब उलटा करा. लाल १० टक्क्यांनी पडला, आणि त्याला जास्त प्रवाह देऊन वर आणायला जागा उरलेली नाही. जास्त प्रवाह म्हणजे आणखी ताप, आणि आणखी ताप म्हणजे आणखी मंद लाल. मग पांढरा पांढराच ठेवायचा तर एकच वाट: हिरवा आणि निळाही १० टक्क्यांनी खाली ओढायचे. सुधारणा बंद असताना जिथे २ टक्के उजेड गेला असता, तिथे आता १० टक्के गेला. तिघांत जो सर्वांत दुबळा, त्याच्या चालीने बाकीच्यांनी चालायचं. रंग टिकवायचा खर्च असा उजेडातून वळता होतो आणि माहितीपत्रकात हा खर्च कुठेही लिहिलेला नाही. खोक्यावर छापलेला ल्युमेनचा आकडा सगळ्यांत झगझगीत मोडचा आहे. त्या मोडमध्ये सुधारणेचा स्विच करडा होऊन बसतो, दाबलाच जात नाही. म्हणजे छापील उजेड आणि छापील रंगस्थैर्य ही दोन्ही वचनं एकाच वेळी पाळली जात नाहीत. ही माझी या यंत्राबद्दलची सर्वांत मोठी तक्रार.

झगझगीत मोडमध्ये सुधारणा का चालत नाही, याला तांत्रिक कारण असतं. जास्त उजेड काढायला अशा मोडमध्ये दोन-दोन एलईडी काही काळ एकत्र पेटवतात. एकत्र पेटले की सेन्सरला बेरीज दिसते, वेगवेगळी मापं मिळत नाहीत. कारण मान्य. मग खोक्यावर दुसरा आकडाही छापा ना.

यावर एक उतारा सापडला. पंख्याचा वेग ‘जास्त’वर ठेवला की लाल एलईडी थंड राहतो, त्याचा उजेड कमी घसरतो, आणि बाकी दोघांना कमी खाली ओढावं लागतं. सुधारणा चालू, पंखा जोरात, अशा जोडीत गमावलेल्या उजेडातला बराच परत मिळाला. आवाज मात्र वाढतो. शांत प्रसंगात घरघर ऐकू येते. यंत्राच्या मागे-बाजूला हवेला मोकळी जागा ठेवल्यानेही फरक पडला. कपाटाच्या फळीत कोंबून ठेवाल तर सेन्सर आपलं काम चोख करेल आणि तुम्ही ‘हा एवढा अंधुक का’ म्हणून कंपनीला फोन कराल.

भाच्याला बोलावून सुधारणा बंद आणि चालू असं दोन्ही दाखवलं. बंद असताना यंत्र तापू दिलं आणि त्याला विचारलं.

“मावशी, मला तर ठीकच दिसतंय.”

“राखाडी हिरवा दिसत नाही?”

“कुठेय हिरवा?”

मग लाइट बॉक्सची झडप उघडली. शेजारी कापड दिसल्याबरोबर म्हणाला, “अरे! हा तर शेवाळी आहे.”

त्याची चूक नाही. अंधाऱ्या खोलीत समोर जो पांढरा असेल त्यालाच डोळा पांढरा मानतो, आणि बदल हळू असेल तर डोळाही सोबत सरकत जातो. एकट्याने सिनेमा बघणाऱ्याला म्हणूनच हे कधी जाणवत नाही, आणि म्हणूनच सुरुवातीलाच मी पडदा घ्या म्हटलं. शेजारी दुसरं काही तुलनेला असेल तेव्हाच हा दोष बोंबलतो. दोन प्रोजेक्टर शेजारी लावून एकच मोठं चित्र करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं; सांध्यावर एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवट. कंट्रोल रूममध्ये मागून चित्र टाकणारे चौकोनी ठोकळे एकावर एक रचून भिंत करतात, त्यात एलईडी आले तेव्हा बार्को, क्रिस्टी यांसारख्या प्रोजेक्टर कंपन्यांना आत सेन्सर बसवून ठोकळ्यांचे रंग आपोआप जुळवून घेण्याची सोय करावी लागली ती याचमुळे. तिथे प्रत्येक ठोकळ्याला बाकी सगळ्यांशी जुळायचं असतं. घरातल्या एकट्या यंत्राला फक्त स्वतःच्या कालच्या रंगाशी जुळायचं असतं, म्हणजे परीक्षा बरीच सोपी.

आता स्टँडर्डची गोष्ट, कारण सेन्सर कितीही इमानी असला तरी तो कशाशी इमान राखतो हे बघावं लागतं. यंत्र खोक्यातून निघालं तेव्हा ज्या भडक मोडमध्ये होतं, त्याचा पांढरा चांगलाच निळा होता. सेन्सरने तो निळा पांढरा तितक्याच निष्ठेने सांभाळला असता. स्टँडर्डच चुकीचं आलं तर बॅच कितीही जुळवा, माल चुकीचाच. सिनेमाच्या मोडमध्ये कारखान्यातून आलेला पांढरा डी६५च्या बऱ्यापैकी जवळ आहे.

पण खरी कामाची गोष्ट वेगळीच निघाली, आणि ती माहितीपत्रकात नाही. सिनेमा मोडमध्ये लाल-हिरव्या-निळ्याचे आकडे आपल्या हाताने बदलून साठवले, की सेन्सर त्या नव्या पांढऱ्याला आपलं लक्ष्य मानतो. कारखान्याच्या पांढऱ्याकडे परत ओढत नाही. याचं मोल मला कसं कळलं ते सांगते.

एलईडीचा लाल, हिरवा, निळा हे अरुंद पट्ट्याचे रंग. माझ्या बॉक्समधल्या ट्यूबचा वर्णपट अगदी वेगळा. मीटरवर दोन्हींचे आकडे एक आले, तरी डोळ्याला ते एक दिसतीलच असं नाही. कापडवाले याला मेटामेरिझम म्हणतात आणि दोन लाइटांखाली दोन शेडचं भांडण बघत मोठे होतात. इथे भांडण दोन बघणाऱ्यांचं होतं. मीटर आणि सेन्सर ज्या ‘प्रमाण निरीक्षका’च्या नजरेने बघतात, तो सीआयई या उजेड-रंगाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली ठरवलेला, राइट यांच्या प्रयोगातले १० आणि गिल्ड यांच्या प्रयोगातले ७, अशा १७ माणसांच्या नजरेची ती सरासरी. माझी नजर त्या सरासरीची नाही. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळं होत जातं आणि निळा आत कमी पोचतो. उजेड जितका अरुंद पट्ट्याचा, तितका हा माणसामाणसांतला फरक उघडा पडतो. मीटरने बरोबर ठरवलेला पांढरा मला किंचित गुलाबी वाटत होता, भाच्याला मुळीच नाही.

मग मी मीटर बाजूला ठेवलं आणि कापडाकडे बघत, माझ्या नजरेने पांढरा जुळवला. तो साठवला. सेन्सर आता माझा पांढरा धरून ठेवतो. वर्गातल्या मुलांसाठी मीटरचा पांढरा दुसऱ्या खणात साठवलाय. यंत्रावर असे वेगळे खण आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. सेन्सरचं काम ‘बरोबर’ रंग ठरवणं हे नाहीच, तुम्ही ठरवलेला रंग हलू न देणं एवढंच आहे, आणि तो ते उत्तम करतो. ज्या यंत्रात वापरणाऱ्याला लक्ष्य बदलू देत नाहीत, ते मी तरी घेणार नाही.

एक सूचना: पांढरा जुळवायचा तो यंत्र चांगलं तापल्यावर. थंड यंत्रावर जुळवलात तर लाल भरपूर ताकदीत असतो, ते लक्ष्य उंच बसतं, आणि नंतर ते गाठायला सेन्सर उजेड कापत बसतो.

आता दोष. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट नावाची सोय चालू असेल, तर अंधाऱ्या दृश्यात यंत्र तिन्ही एलईडींचा प्रवाह कमी करतं आणि उजेडाच्या दृश्यात वाढवतं. सेन्सर या हालचालीच्या मागे धावतो. ढगाळ आभाळाचं लांबलचक दृश्य होतं, कॅमेरा स्थिर, आणि आभाळाचा राखाडी हलक्या पायऱ्यापायऱ्यांनी सरकताना दिसला. एक पायरी, थोडं थांबून दुसरी. हळूहळू सरकणारा रंग डोळा माफ करतो, पायरी करत नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅकॲडम यांनी १९४२ सालीच दाखवलं होतं की किती लहान रंगफरक डोळ्याला ओळखू येतो, आणि काही दिशांना तो फारच लहान असतो. सुधारणा करायचीच तर पायरी त्या मर्यादेच्या आत हवी, नाहीतर औषधच दिसायला लागतं.

सर्व्हिस सेंटरला कळवलं. आधी उत्तर आलं, ‘ही खराबी नाही, यंत्र असंच चालतं.’ मग मी व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत रंगाची पायरी दिसावी म्हणून फोनचा आपोआप पांढरा जुळवणारा पर्याय बंद करावा लागला. तो चालू ठेवलात तर फोन तुमचा पुरावा खाऊन टाकेल. पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तिने पायऱ्या बारीक झाल्या पण गेल्या नाहीत. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केलं की त्रास संपतो. मी ते बंदच ठेवते. काळा थोडा फिका पडतो, चालतं.

‘स्मार्ट’ पायरी. यात पुढचा कॅमेरा भिंतीचा रंग बघतो आणि त्याच्या विरुद्ध रंग मिसळून भिंत ‘पुसून’ टाकायचा प्रयत्न करतो. फिक्या पिवळसर भिंतीवर हे चक्क चालतं. पण त्यासाठी लाल-हिरवा दाबून निळ्याला पुढे काढावं लागतं, म्हणजे उजेडाचं आणखी नुकसान. गडद रंगाच्या भिंतीवर तर विचारूच नका. भिंत जो रंग परतच देत नाही, तो प्रोजेक्टर कुठून आणणार? कॅमेऱ्याचं माप यंत्र सुरू होताना घेतलेलं असतं, त्या वेळी खोलीतला दिवा चालू असेल तर त्याचाही रंग मापात शिरतो आणि दिवा मालवल्यावर चित्र निळं पडतं. खोलीतला उजेड मोजणारा तिसरा सेन्सर चित्र कमी-जास्त उजळ करतो. वर्गात कुणी दार उघडलं की चित्र उसळी मारतं. पांढरा पडदा आहे, खोली अंधारी आहे, तर या दोन्हींची गरज नाही. स्मार्ट बंद.

आतला सेन्सर काय करू शकत नाही तेही लिहून ठेवते. तो उजेड लेन्सच्या अलीकडे मोजतो. लेन्सवरची धूळ, पडद्याचा पिवळेपणा, भिंतीवरून उसळून आलेला रंग, यातलं त्याला काहीच दिसत नाही. चित्राच्या चार कोपऱ्यांत रंग सारखा आहे की नाही हेही तो सांगू शकत नाही. माझ्या यंत्रात उजवा वरचा कोपरा जरासा लालसर आहे, आणि सेन्सरच्या दृष्टीने सगळं आलबेल. रंग आळीपाळीने पडत असल्याने नजर फिरवताना इंद्रधनुष्याच्या रेघा दिसण्याचा ज्यांना त्रास होतो त्यांना इथेही तो होईल, रंगसुधारणेचा त्याच्याशी संबंध नाही.

वयाचा मुद्दा मात्र सेन्सरच्या बाजूने जातो. एलईडीचं आयुष्य म्हणून जो २०,०००-३०,००० तासांचा आकडा छापतात, तो बहुधा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. तिन्ही एलईडी सारख्या चालीने निम्म्यावर येत नाहीत, मधल्या सगळ्या काळात पांढरा भटकत राहतो. सेन्सर नसलेल्या यंत्रात मग वर्षाकाठी मीटर घेऊन बसावं लागतं, किंवा कुणाला तरी बोलवावं लागतं. इथे ते टळतं, पण मघाच्याच अटीवर: जो एलईडी आधी थकेल त्याच्या मापाने उजेड कमी होत जाईल. म्हणून आज लागतो त्यापेक्षा जास्त उजेडाचं यंत्र घ्या. पडदा मोठा घेण्याचा मोह आवरा.

ज्यांना रंगावर काम करायचंय, शिकवायचंय, फोटो किंवा व्हिडिओचे रंग पक्के करायचेत, किंवा दोन यंत्रं शेजारी लावायची आहेत, त्यांनी आतला सेन्सर असलेलंच यंत्र घ्यावं. उजेड असलेल्या खोलीत खेळ बघणाऱ्यांना याचा उपयोग नाही, त्यांना प्रत्येक ल्युमेन हवा असतो. गेमवाल्यांना फरक पडत नाही. भाचा अजूनही झगझगीत मोडच लावतो आणि मी खोलीत आले की गुपचूप बदलतो.

माझ्या सेटिंग्ज अशा: सिनेमा मोड, सुधारणा चालू, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, पंखा जास्त, सगळ्या कॅमेरा-करामती बंद. वर्गाच्या आधी अर्धा तास यंत्र चालू करून ठेवायचं. आणि रिमोटचं काय लिहू? रंगाच्या यंत्राला काळा रिमोट, त्यावर काळी बटणं, बटणांत दिवा नाही. सुधारणेच्या स्विचपर्यंत पोचायला मेनूत पाच पायऱ्या उतरायच्या, त्याही अंधारात चाचपडत. मेनूच्या बटणावर मी लाल दोऱ्याची गाठ चिकटवली आहे.